समुद्राला न मिळणारी नदी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने विषय विचारला तेव्हा मी ‘आफ्रिकेतील एक वनयात्रा’ असे सांगितले. समितीतील एका ज्येष्ठांनी हळूच सुचवले, की हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीवर बोलावे हे बरे. या वाटचालीवर याच मंचावरून आतापर्यंत चार भाषणे झाली आणि ती चारही माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी केली. शिवाय मी ज्या प्रवासाविषयी बोलणार आहे त्याचा आरंभ याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरील सातवी ‘ब’च्या वर्गात झाला आहे. तेव्हा मी विषय सोडून गेले असे कोणी मानू नये.

माझ्या नोकरीचे ते दुसरे वर्ष. मी मराठीची एम. ए.; परंतु भूगोलाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्याने सातवीचा भूगोल माझ्या वाट्याला आला. नदीचा पाठ शिकवताना मी भूगोलापेक्षा काव्याच्याच आधाराने बोलत होते. उगम, अवखळ बालपण, भरले यौवन आणि अखेर सागराशी मीलन. ‘प्रत्येक नदी शेवटी समुद्राला मिळते’ असे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर आला. ‘‘बाई, आमच्या मामाच्या गावची बनास नाही मिळत. ती रणातच जिरते.’’ त्या मुलाचे आजोळ डीसाला होते.

मी म्हटले, ‘‘मिळते. पुस्तकात पाहा. खाली बस.’’ वर्ग हसला. तो बसला.

पुस्तकात तसे काहीच नव्हते, आणि असले तरी मी ते पाहिलेले नव्हते. पुढच्या वर्षी नकाशे लावताना माझ्या ध्यानात आले, की मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बनास, रूपेण, सरस्वती या उत्तर गुजरातच्या नद्या समुद्रापर्यंत जातच नाहीत. कच्छच्या रणात त्या लुप्त होतात, आणि म्हणूनच गुजरातीत त्यांना ‘कुंवारिका’ म्हणतात. बडोद्यात राहणाऱ्या, इथल्याच पाण्यावर वाढलेल्या बाईला हे ठाऊक नसावे! वर्गात जाऊन चूक सांगावी असे मनात आले, आणि आले तसे गेले. तो मुलगा आठवीत गेला होता. मग नववीत गेला. मग शाळा सोडून गेला. दर वर्षी नदीचा पाठ आला की मला तो हात आठवे.

तीन दशकांनंतर त्याचाच फोन आला. मुक्काम गाबोरोने, देश बोत्स्वाना. हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या व्यवसायात तो सुरतेहून तिकडे गेला आणि तिथेच स्थिरावला. म्हणाला, ‘‘बाई, निवृत्त होण्याआधी एकदा इकडे या. तुम्हाला एक नदी दाखवायची आहे.’’ नदीचेच नाव त्याने का काढावे, हा प्रश्न मी त्याला फोनवर विचारला नाही. पारपत्र काढले, गुडघ्यांच्या डॉक्टरांना विचारले, आणि गेल्या उन्हाळी सुट्टीत, मेअखेरीस निघाले.

मुंबईपासून मौन या गावापर्यंतचा प्रवास लांबचा आणि कंटाळवाणा आहे. तो मी गाळते. मौन हे त्या प्रदेशाचे प्रवेशद्वार. तिथून पुढे पाच-सहा माणसांचे चिमुकले विमान. सामान मऊ पिशवीत हवे आणि तेही वीस किलोच्या आत, अशी अट होती. माझ्या पिशवीत चिवड्याचा डबा आणि मेतकूट होते; वजनकाट्यावर विमानतळावरच्या मुलीने मेतकुटाची पुडी उघडून वास घेतला आणि काही न बोलता परत ठेवली.

आता थोडा भूगोल, कारण तो मी त्या वेळी शिकवला नव्हता.

बोत्स्वाना हा भूवेष्टित देश. त्याचा बहुतेक भाग कालाहारीच्या वाळूने व्यापलेला आहे. आपली शाळा १९६६ सालची. तो देशही ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला, म्हणजे यंदा त्यांचाही हीरक महोत्सव. त्यांना मात्र स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, १९६७ साली, ओरापा येथे खरोखरचे हिरे सापडले. आपल्या मैदानाखाली अद्याप काही सापडलेले नाही, याची विश्वस्तांनी नोंद घ्यावी. त्या देशात पाण्याचे मोल हिऱ्यांहून अधिक आहे. चलनाचे नाव ‘पुला’. पुला म्हणजे पाऊस. सभेत जयघोष करायचा तोही ‘पुला!’ असाच.

अशा या कोरड्या देशात वायव्येकडून एक नदी येते. अंगोलाच्या उंच पठारावर कुबांगो आणि कुइतो या दोन नद्या उगम पावतात. अटलांटिक महासागर तिथून फारसा दूर नाही. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून आग्नेयेला, वाळवंटाच्या दिशेने चालू लागते. पुढे दोन्ही प्रवाह एकत्र येतात, नामिबियाचा चिंचोळा पट्टा ओलांडतात आणि मोहेंबो येथे बोत्स्वानात शिरतात. हीच ओकावांगो. काही अंतर ती एका अरुंद दरीतून शहाण्यासारखी वाहते आणि मग हाताची बोटे पसरावीत तशी वाळूत पसरते. प्रवाह, पाणथळी, लव्हाळ्यांची राने, हजारो बेटे. नदी तिथेच संपते. समुद्र तिला कधीच दिसत नाही. या त्रिभुज प्रदेशाला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केले. त्या यादीतील ते हजारावे स्थळ.

मोहेंबोपासून मौनपर्यंत अंतर सुमारे २५० किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात जमीन उतरते ती जेमतेम ६० मीटर. ताटात सांडलेले पाणी जसे कोणत्या बाजूला जावे याचा विचार करीत पसरते, तसे ते पाणी चालते. हे अंतर कापायला पुराला सुमारे चार महिने लागतात. अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराचा, खाली पोहोचतो तो मे, जून, जुलैमध्ये. तोपर्यंत बोत्स्वानातला पावसाळा संपून महिने लोटलेले असतात, गवत पिवळे पडलेले असते, डबकी आटलेली असतात. ऐन कोरड्या ऋतूत, स्वच्छ निळ्या आकाशाखाली, एक थेंबही न पडता तिथे पूर येतो.

‘पूर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऑगस्ट २०२४ मधली विश्वामित्री येते. घराघरांत शिरलेले पाणी, छतांवर बसलेली माणसे, रस्त्यावर आलेल्या मगरी. तिथे मात्र पुराची वाट पाहतात. मौनच्या जुन्या पुलावर माणसे मुलाबाळांसह पाणी आले का ते पाहायला जमतात. मगरींवरून आठवले. आमच्या वाटाड्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, की पाण्याच्या काठाशी वाकायचे नाही, इथे मगरी आहेत. मी म्हटले, आमच्या शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत आणि मुले सायकलवरून तिच्या पुलावरून शाळेत येतात. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की सातवी ‘ब’मध्ये मीही त्या मुलाकडे असेच पाहिले असणार.

हे वाटाडे पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. ते वायेयी समाजाचे. काही शतकांपूर्वी उत्तरेकडून हे लोक या पाणथळीत आले आणि त्यांनीच इथे मोकोरो आणला. मोकोरो म्हणजे एका झाडाचे खोड कोरून केलेली लांब, अरुंद होडी. आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक होड्या फायबरच्या करतात; आकार तोच. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून लांब काठीने तळ रेटतो. आपण पुढे तळाशी बसायचे, पाय पसरून, हात आत ठेवून. माझे गुडघे आणि होडीची रुंदी यांचा मेळ बसायला जरा वेळ लागला.

पण एकदा होडी लव्हाळ्यांत शिरली की माणसाची उंची बदलते. डोळे पाण्याच्या वर वीतभर. पाणी इतके नितळ, की तळाची पांढरी वाळू दिसते, कमळांचे लांब देठ दोऱ्यांसारखे खाली गेलेले दिसतात. पपायरसच्या झुडपांची डोकी आकाशाला टेकलेली. एका काडीवर नखाएवढा रंगीत बेडूक झोपलेला होता. हत्ती पाहायला आलेली मी त्याच्याकडेच दहा मिनिटे पाहत बसले. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवरून चालत होता. खंड्या आपल्याकडच्यासारखाच, फक्त अंगाने फार लहान. दूर लेचवे नावाची तांबूस हरणे गुडघाभर पाण्यातून उधळली तेव्हा जो आवाज झाला तो एखाद्या मोठ्या शाळेची सुट्टी झाल्यासारखा होता.

खोल पाणी आले की वाटाडे काठीने होडीच्या कडेवर ठकठक करीत. पाणघोड्याला आपण येत असल्याचे कळावे म्हणून. तो दिसायला सुस्त, पण वाटेत आलेल्याला क्षमा करीत नाही. त्याच पाणघोड्याने रात्री चरायला जाता-येता लव्हाळ्यांतून वाटा पाडलेल्या असतात आणि पुढे त्याच वाटांनी पाणी वाहते. आम्ही ज्या ओढ्यातून जात होतो तो पाणघोड्यांनीच मोकळा ठेवलेला होता.

आमचा तळ एका बेटावर होता. सहा तंबू, मध्ये शेकोटी, कुंपण नाही. सूर्य मावळला की एकट्याने हिंडायचे नाही आणि रात्री तंबूची साखळी उघडायची नाही, हा नियम. शाळेत मी अनेक नियम केले आहेत, पण एकाही नियमाचे पालन मी स्वतः इतक्या निष्ठेने केलेले नाही. पहिल्या रात्री तंबूपासून हातभर अंतरावर कोणी तरी गवत उपटून सावकाश चावत होते. हत्ती. मी सारी रात्र उशाशी विजेरी घेऊन जागी होते. पहाटेपहाटे सिंहाची हाक आली. गीरला सहलीत आपण सिंह पाहतो. पण जीपमधून दिवसा पाहिलेला सिंह आणि अंधारात कापडाच्या भिंतीपलीकडे ऐकलेला सिंह हे दोन निराळे प्राणी आहेत.

सकाळी वाटाड्यांनी आम्हाला तंबूभोवतीची वाळू दाखवली. ती त्यांची पाटी. इथे हत्ती आला, इथे थांबला, माडाच्या झाडाला त्याने डोके लावून हलवले, फळे पाडली. ही माडाची जात आपल्या दीवमध्ये दिसणाऱ्या फांद्याफांद्यांच्या ‘होका’ झाडांच्याच कुळातली; ओळखीचे कोणी परदेशात भेटावे तसे मला झाले. हे सिंहिणीचे पाऊल. पावलावर तित्तिराचे ठसे नाहीत, म्हणजे पक्षी उठण्याआधी ती नव्हे तर नंतर गेली. पण त्याच्या कडेवरून एका किड्याची बारीक रेघ गेली आहे, आणि तो किडा रात्री फिरणारा. म्हणजे अंधार सरायच्या थोडे आधी. मी विचारले, ‘‘मग दोन्हींत खरे कोणते?’’ ते खाली बसले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, ‘‘मी चुकलो. तित्तिर या बाजूने आलाच नाही.’’

इतके सहज. चार पाहुण्यांसमोर, आपल्या व्यवसायातल्या गोष्टीत. मला सातवी ‘ब’चा फळा आठवला.

दुपारी आम्ही बेटावर पायी फिरलो, आणि मला या सहलीत मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तिथे मिळाली. प्रश्न मीच विचारला. एवढे पाणी दरवर्षी आत येते, सुमारे १० अब्ज घनमीटर, आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते ते अवघे दोन टक्के. बाकीचे ऊन पिते, झाडे पितात, थोडे वाळूत मुरते. पण नदी पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही आणते. ते दरवर्षी लाखो टन. पाणी उडून गेले तर मीठ मागे उरायला हवे. ज्या तलावाला बाहेर पडायला वाट नाही तो खारट होतो, हे तर मी सातवीला शिकवते. मग या पाण्याचा घोट गोड कसा?

वाटाड्यांनी उत्तर दिले नाही, चालायला सांगितले. बेटाच्या कडेला दाट सावली होती. उंबराच्या जातीची मोठी झाडे, टेंभुर्णीच्या कुळातली उंच झाडे, शिंदीसारखी ताडे. शंभरेक पावले आत गेलो आणि झाडे विरळ झाली. आणखी आत गेलो तर मध्यभागी उघडे, पांढरे मैदान. खुरटे गवत, तेही तुरळक. त्यांनी चिमूटभर पांढरी माती माझ्या तळहातावर ठेवली. जिभेला लावून पाहिली आणि मला माझ्या आजीचा पापडाचा डबा आठवला. पापडखार! अगदी तोच.

कडेची झाडे दिवसभर जमिनीखालचे पाणी ओढतात आणि पानांवाटे आकाशात सोडतात. त्यामुळे आजूबाजूच्या ओढ्यांतले पाणी बेटाखाली सतत ओढले जाते. झाड पाणी घेते, क्षार सोडून देते. ते क्षार बेटाच्या मध्याखाली साठत जातात. बाहेरचे पाणी गोड राहते, कारण बेटाने मीठ पोटात घातलेले असते. टेरेन्स मॅकार्थी या दक्षिण आफ्रिकेतील भूवैज्ञानिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे बेटे खणून, पाणी मोजून ही व्यवस्था उलगडली. आणि ही बेटे आली कुठून? अनेकांचा आरंभ वारुळातून झालेला आहे. वाळवीने पुराच्या पातळीच्या वर मातीचा ढिगारा उभारला, त्यावर पक्षी बसले, त्यांच्या विष्ठेतून बी पडले, झाड आले, झाडाने माती धरली. वाळवीला आपण कपाटातल्या रजिस्टरांची वैरीण म्हणून ओळखतो. माझेही तिच्याशी जुने वैर आहे. पण त्या दिवशी मी एका वारुळापुढे जरा आदराने उभी राहिले.

संध्याकाळी शेकोटीशी वाटाड्यांनी मला विचारले, ‘‘म्मा, तुमच्या शाळेत मुले कोणत्या भाषेत शिकतात?’’ म्मा हे तिकडचे स्त्रीसाठीचे आदराचे संबोधन. मी म्हटले, मराठीत. ‘‘आणि शाळेबाहेर गावात?’’ गुजरातीत. ‘‘सरकार चालू देते?’’ चालू देते, साठ वर्षे झाली. ते बराच वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिले. त्यांची आजी त्यांच्याशी शियेयी भाषेत बोले. त्या भाषेत जीभ टाळूला लावून काढलेले टक्-टक् असे वर्ण आहेत. आपल्याकडे शेतकरी बैलाला चुचकारताना काढतो तसे. शाळेत त्यांना सेत्स्वाना आणि इंग्रजी शिकवली गेली. पाण्यातल्या गवतांची, माशांची, वाऱ्यांची नावे त्यांना आजीच्या भाषेत येतात. त्यांच्या मुलाला येत नाहीत. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी एका गवताचे नाव मला तीनदा म्हणून दाखवले, मी तीनदा चुकले, आणि ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. आपल्या पटावरची संख्या दरवर्षी घटते आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

त्यांनी आणखी एक हकीकत सांगितली, ती मात्र अभिमानाने. बोरो नावाचा या प्रदेशातला एक मोठा प्रवाह. तो खोदून सरळ करावा आणि पाणी खाली शेतीला, मौन गावाला आणि ओरापाच्या हिऱ्यांच्या खाणीला न्यावे, अशी सरकारची योजना होती. १९९१ च्या जानेवारीत मौनच्या चावडीवर, तिला तिकडे क्गोत्ला म्हणतात, शेकडो माणसे जमली आणि मंत्र्यांसमोर एकामागून एक उठून म्हणाली, नको. सरकारने योजना थांबवली. वाटाड्यांचे वडील त्या सभेत होते. त्याआधीही, १९६३ मध्ये, शिकारीमुळे प्राणी संपत चालले असे पाहून तिथल्या बाटावाना लोकांनी, एलिझाबेथ पुलाने मोरेमी या त्यांच्या राज्यपालक राणीच्या काळात, आपलीच जमीन राखीव ठेवली. तेच आजचे मोरेमी अभयारण्य. माझा हिरे पारखणारा विद्यार्थी खाणीची गोष्ट ऐकताना मान खाली घालून लाकडे सारखी करीत होता.

वाटाडे झोपायला गेल्यावर मी त्याला सांगितले. तीस वर्षे जे मनात होते ते एकदाचे. त्या तासाला मी चुकीचे लिहिले होते, तू बरोबर होतास, आणि मला कळल्यावरही मी वर्गात येऊन सांगितले नाही.

तो म्हणाला, ‘‘बाई, मला खरंच आठवत नाही.’’

आठवत नव्हते, की बाईंचा मान राखायचा होता, हे मला त्या अंधारात कळले नाही. मी आणखी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वाटाड्यांनी हाका मारल्या. त्यांना कुठून तरी वर्दी लागली होती. उघड्या जीपमधून तासभर दक्षिणेला गेलो. वाटेत हत्ती, जिराफ, रानकुत्र्यांची टोळी असे बरेच काही दिसले, ज्यासाठी लोक इतका खर्च करून येतात. आम्ही थांबलो नाही. एका कोरड्या पात्रापाशी गाडी उभी राहिली. पांढरी वाळू, त्यावर वाळकी पाने, जनावरांच्या वाटा. वाटाडे म्हणाले, बसा.

अर्ध्या तासाने पात्राच्या वळणावर काही तरी चमकले. पाणी. लाट नाही, खळखळ नाही. तांब्या कलंडल्यावर फरशीवर येते तशी एक पातळ जीभ, रांगत्या मुलाच्या वेगाने पुढे सरकत होती. तिच्या तोंडाशी फेस, काड्या, पाने, बिया. तिच्यापुढे मुंग्या, कोळी, नाकतोडे जीव घेऊन धावत होते, आणि त्यांच्यामागे बगळे आणि करकोचे पंगतीला बसल्यासारखे. वाळूतली बिळे भरताना बुडबुडे येत आणि एक बारीक, सुस्कारल्यासारखा आवाज होई. एका खळग्यापाशी पाणी थांबले. खळगा भरेपर्यंत पाच मिनिटे गेली; मग कड ओलांडून ते पुन्हा निघाले. संक्रांतीला आम्ही इथे तिळगूळ वाटत होतो तेव्हा अंगोलात पडलेला तो पाऊस माझ्या बुटाच्या टोकाशी येऊन पोहोचला.

वाटाड्यांनी टोपी काढली होती. कोणी बोलत नव्हते. तेवढ्यात माझा विद्यार्थी माझ्या कानाशी वाकून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘‘बाई, ही तरी समुद्राला मिळते का? पुस्तकात पाहायला हवं.’’

‘पुस्तकात पाहा’ हे शब्द रात्री मी त्याला सांगितलेच नव्हते.

आम्ही दोघे इतके हसलो, की एक करकोचा उडाला आणि वाटाडे रागावले.

परत आल्यावर जूनमध्ये मी सातवी ‘ब’वर एक तास मागून घेतला. आता त्या वर्गात एकवीस मुले आहेत. तेव्हा एकावन्न होती. फळ्यावर तेच वाक्य लिहिले, ते चूक आहे असे सांगितले, कोणी सांगितले तेही सांगितले. बनास दाखवली, ओकावांगो दाखवली, बेटाचे चित्र काढले. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘बाई, बेटात मीठ साठत साठत गेलं, तर एक दिवस सगळी बेटं मिठाचीच नाही का होणार?’’

मला उत्तर येत नव्हते. तसे मी म्हटले. तिचा प्रश्न मी गाबोरोनेला कळवला; तिथून तो मौनला गेला आणि वाटाड्यांचे उत्तर आले. प्रवाह कायम एका जागी राहत नाहीत. नदी वाळू आणते, ती पात्रात साठते, पपायरस वाट अडवतो, आणि काही दशकांनी पाणी दुसरीकडून वाट काढते. जुन्या भागातली बेटे कोरडी पडतात, झाडे वाळतात, साठलेले कुजके गवत जमिनीखाली महिनोन्‌महिने जळत राहते, आणि पावसाने तिथले क्षार हळूहळू खोल जमिनीत उतरतात. मग ती जमीन पुन्हा गोड होते, आणि कधी तरी पाणी परत येते. हे सारे मी त्या मुलीला वर्गात वाचून दाखवले. तिने लगेच दुसरा हात वर केला.

माझी वेळ संपली आहे. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत हे मला इथून दिसते. सतरंजीवरच्या मुलांना मी फार वेळ बसवले. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी हात वर करावेत.